शंभर नंबरी ताप

नागपुरात मे महिन्यात तापण्याचं कोणाला कौतुक नाही. डांबर तापतं, स्कूटरची सीट तापते, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापतं, आणि भर दुपारी त्या पाण्याने तोंड धुवायला गेलेला माणूस सगळ्यात जास्त तापतो. पारा ४५ च्या वर गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर आकडा येतो आणि आम्ही तो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मोठ्या अभिमानाने कळवतो. "आमच्याकडे ३८ झालं रे" असं कण्हणाऱ्या पुणेकराला "किती वाजता? पहाटे का?" असं विचारण्याचा आनंद आमच्या उन्हाळ्याने आम्हाला दिलेला आहे.

अशा गावात घरातला कॉम्प्युटर तापला तर त्याची बातमी होऊ नये. पण होते. कारण माणूस तापला की आधी बडबडतो, कॉम्प्युटर तापला की एक अक्षर न बोलता बंद पडतो. त्यातही तो मुहूर्त बघून पडतो. मुलाच्या गेममध्ये शेवटचा एकच शत्रू उरलेला असताना, नाहीतर भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ ९७ टक्के तयार झालेला असताना. पत्त्यांचा सॉलिटेअर खेळताना तो आजवर कधीही बंद पडलेला नाही. याचं कारण शुद्ध शास्त्रीय आहे, सॉलिटेअरमध्ये प्रोसेसरला कष्टच नसतात. पण घरात त्याचा अर्थ "मेल्याला कामच नको" असाच लावला जातो.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरभोवती जमणारी माणसं हा एक वेगळा अभ्यासाचा विषय आहे. प्रत्येकाचं निदान त्याच्या आयुष्यातून आलेलं असतं. शेजारचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही बिघाड ते व्होल्टेजवर आणून सोडतात. त्यांच्या सुनेचा राग, पुतण्याचा घटस्फोट आणि आमचा कॉम्प्युटर या तिन्हींत व्होल्टेज कमी-जास्त होतं, असं त्यांचं मत आहे. वरच्या मजल्यावरचे बँकवाले "व्हायरस" एवढंच म्हणतात आणि मान हलवतात. आमची आई म्हणते, "दिवसभर चालू, रात्रभर चालू. त्या बिचाऱ्याला काही विश्रांती?" मुलगा म्हणतो की प्रोसेसर जुना झालाय, आणि प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि ते दोन बदलायचे तर ग्राफिक्स कार्ड तेवढं जुनं कशाला ठेवायचं. त्याच्या निदानाची किंमत जीएसटी धरून तयार असते.

खरं निदान, आमचा कॉम्प्युटर बंद पडला त्या दिवशी, फरशी पुसता पुसता मावशींनी केलं. "त्याच्या मांगं कोणं झाडलं का कधी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या. या निदानात विकत घेण्यासारखं काहीच नसल्यामुळे ते कोणी मनावर घेतलं नाही.

आता प्रोसेसर तापतो म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं भांडण समजायला सोपं जाईल. प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत, उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा वीज खातो आणि वारा देतो, दिवा उजेड देतो. प्रोसेसरच्या हातून अशी कुठलीही वस्तू बाहेर पडत नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे ६५ वॅटचा हीटर, जो फुकटात आकडेमोडही करून देतो. इंटेलने २०२३ साली बाजारात आणलेला आय-नाइन १४९००के हा प्रोसेसर जोर लावतो तेव्हा २५३ वॅटपर्यंत जातो, आणि ही सगळी उष्णता तयार होते ती अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात.

यामागचं तत्त्वज्ञान याहून गमतीचं आहे. आयबीएममधले शास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ साली असं मांडलं, की माहिती पुसून टाकायची तर किमान काही उष्णता बाहेर टाकावीच लागते. म्हणजे लक्षात ठेवणं एक वेळ फुकट जमेल, विसरणं फुकट होत नाही. ती किमान उष्णता अतिशय किरकोळ असते आणि आपले प्रोसेसर तिच्या कित्येक पट उधळतात, हा भाग वेगळा. पण नियम वाचल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या लग्नातला मानपान, कोणाला नारळ मिळाला आणि कोणाला नुसता ब्लाउजपीस, हे दोन्हीकडच्या मंडळींनी अजून जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. मी इतकी वर्षं त्याला कोतेपणा समजत होतो. ती ऊर्जाबचत आहे.

उष्णतेची ही काळजी नवी नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात घडवलेला सुरुवातीचा कॉम्प्युटर कामाला लागला, तेव्हा त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या आणि त्यांची प्रत्येकीची ऊब होती. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्रं आकसली, पण कॉम्प्युटर म्हणजे गारव्यात ठेवायची वस्तू हा संस्कार राहिला. नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळा-कॉलेज केलं त्यांना कॉम्प्युटर लॅब आठवत असेल. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसी, खिडक्यांना जाड पडदे. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर करकरणारा पंखा आणि कॉम्प्युटरला एसी. बँकेतही तीच तऱ्हा. मॅनेजरच्या केबिनमध्ये गारवा आला तो आधी सर्व्हरच्या नावावर मंजूर होऊन. गंमत अशी, की त्या सुरुवातीच्या काळातल्या ३८६ जातीच्या प्रोसेसरला साधा पंखासुद्धा नसायचा. उघडाबोडका बसून तो आपलं काम करायचा. म्हणजे तेव्हा एसीची खरी गरज होती ती बहुधा मास्तरांना.

मग वेगाची शर्यत लागली आणि पाणी डोक्यावरून गेलं. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत हिशेब मांडला, की हे असंच चालू राहिलं तर दर चौरस सेंटिमीटरमागे प्रोसेसरची उष्णता २००५ पर्यंत अणुभट्टीएवढी, २०१० पर्यंत अग्निबाणाच्या नळीएवढी आणि २०१५ पर्यंत सूर्याच्या पृष्ठभागाएवढी होईल. सभागृहात नागपूरचं कोणी असतं तर "सूर्याचं कौतुक आम्हाला नको सांगू" म्हणालं असतं. २००४ च्या फेब्रुवारीत पेंटियम ४ चा 'प्रेस्कॉट' नावाचा नवा अवतार आला आणि तो इतका तापायला लागला, की लोकांनी त्याचं बारसं पुन्हा करून 'प्रेसहॉट' असं नाव ठेवलं. त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम आणायचं जाहीर केलेलं वचन मागे घेतलं आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी फ्लोरिडात भरसभेत, व्यासपीठावर, गुडघे टेकून माफी मागितली. नुसती सांगायची गोष्ट म्हणून नाही, खरोखर गुडघे टेकले. आपल्याकडे गुडघे टेकायच्या आधी चौकशी समिती नेमावी लागते आणि तिचा अहवाल येईपर्यंत गुडघे निवृत्त होतात. त्यानंतर एकालाच ऊर फुटेस्तोवर पळवण्याऐवजी दोघा-चौघांना बेताने चालवायचं ठरलं आणि एका प्रोसेसरमध्ये अनेक 'कोअर' आले.

त्या काळातली आणखी एक हकीकत मला फार आवडते. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या वेबसाइटवाल्यांनी गेम चालू असताना प्रोसेसरच्या डोक्यावरचा कूलर उचलला तर काय होतं, हे करून पाहिलं. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिच्या अ‍ॅथलॉनने बघता बघता धूर काढला आणि राम म्हटला. पेंटियम ४ मात्र मेला नाही. तो हळू झाला. अगदी रडत-रखडत, पण गेम चालूच राहिला. कूलर परत ठेवल्यावर पुन्हा मूळ वेगावर आला.

आज सगळेच प्रोसेसर हे करतात. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची हद्द १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची ९५. त्या हद्दीला टेकलं की प्रोसेसर स्वतःहून आपला वेग कमी करतो, कमी वीज घेतो, कमी तापतो. तेवढ्यानेही भागलं नाही तरच मग मशीन बंद करतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. दुपारी बारा ते पाच नागपूर तरी काय करतं? शटर अर्ध्यावर, रस्ते ओस, मालक गादीवर आडवा आणि गिऱ्हाइकाला "संध्याकाळी या ना भाऊ". बाहेरगावचे लोक याला आळस म्हणतात. तो आळस नाही. ज्याला आपली हद्द माहीत आहे तो बारा वाजता वेग कमी करतो आणि पाच वाजता पुन्हा उभा राहतो. इंटेलच्या अभियंत्यांना जे चिपमध्ये बसवायला इतकी वर्षं लागली, ते आमच्याकडे वामकुक्षी या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःची काळजी घ्यायला समर्थ असतो. काळजी घ्यावी लागते ती त्याच्याभोवतीच्या माणसांची. आणि त्यातही ज्या माणसाने तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, त्याची.

शेजारच्या काकांनी ते केलं. करोनाच्या काळात दर पंधरा मिनिटांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून "९७... ९६... अगं ९५!" असं ओरडणारे हेच ते काका. ऑक्सिमीटर कपाटात गेला आणि त्यांच्या हाताला काही काम उरलं नव्हतं. आता त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चोवीस तास एक आकडा असतो. नुसतं बसल्या जागी ४४. ब्राउझर उघडला की क्षणभर ७० वर उडी, पुन्हा ४८. ही उडी अगदी स्वाभाविक आहे. प्रोसेसर एकदम जोर लावतो, त्याच्या पोटातला सेन्सर ते ताबडतोब सांगतो, आणि काम झालं की तो खाली बसतो. पण काकांना कोण सांगणार? रात्री साडेदहाला फोन येतो. "बहात्तर झालाय. झोपू का जागू?" एकदा मी त्यांना म्हटलं, काका, एएमडीवाले स्वतःच सांगतात की त्यांचे हे नवे प्रोसेसर ९५ अंशांवर दिवसरात्र राबले तरी बिघडत नाहीत. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कंपनी काय, सांगेल काहीही. व्होल्टेज पाहिलं का त्यांनी आपल्या कॉलनीतलं?"

आमच्याकडे मात्र बसल्या जागी ८० असायचा आणि गेम लावला की शंभराला हात. हा ताप खरा होता. त्यावर पहिला घरगुती उपाय सुरू झाला, तो म्हणजे कॅबिनेटची एक बाजू उघडी काढून समोर टेबल फॅन. हा उपाय महाराष्ट्रात सर्वत्र लागू आहे, त्याला जिल्ह्याचं बंधन नाही. याने आकडा खरोखर थोडा उतरतो, हे मान्य करायला हवं. पण दिवसभर रस्त्यावरची धूळ भरवण्याचीही तीच सोय होते. काकांनी तर आमचा टेबल फॅन उचलून कॅबिनेटच्या मागे ठेवला, "मागून गरम हवा येतेय ना, मग तिथेच मारा." मागच्या पंख्याचं कामच आतली गरम हवा बाहेर टाकणं. तो बापडा हवा बाहेर ढकलत होता आणि काकांचा फॅन तीच हवा पुन्हा आत. दोघांच्या या ओढाताणीत कॅबिनेटच्या जाळीवर टांगलेलं फडकं जागच्या जागी थरथरत राहिलं.

दुसरा उपाय पुण्याहून मे महिन्याच्या सुट्टीत आला. मेहुणा. प्रत्येक घरात एक जण कॉम्प्युटरमधला असतो. त्याने एकदा स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडलेला असतो आणि उरलेलं आयुष्य तो त्या भांडवलावर काढतो. "भाऊजी, माझा साठच्या वर जात नाही," तो म्हणाला. आता यात एक साधी गोष्ट आहे. कूलर उष्णता नाहीशी करत नाही, तो ती खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर कितीही चांगल्या कूलरखाली ठेवा, खोलीपेक्षा तो अमुक इतके अंश वर राहणारच. पुण्यात खोली २८ वर असताना त्याचा ६० वर थांबत असेल, तर आमच्या ४० च्या खोलीत तोच प्रोसेसर, तोच कूलर, तेच काम घेऊन ७२ दाखवील. हे मी त्याला सांगितलं. त्याने "हवेचा प्रश्न नाही, ब्रँडचा प्रश्न आहे," असं म्हणून पाण्याचा कूलर घ्यायचा सल्ला दिला.

"पाण्याचा कूलर?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. "मग त्यात पाणी कोण भरणार? खोलीतल्या कूलरमध्ये भरायलाच रोज संध्याकाळी पाइप ओढावा लागतो." मेहुण्याने तिला समजावलं की यात पाणी भरायचं नसतं, ते आत बंद असतं आणि फिरत राहतं. आई म्हणाली, "उडत नसेल तर गार कसं करील?" मेहुणा हसला. पण प्रश्न बिनतोड होता. आमच्या विदर्भातला कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ उडवूनच, म्हणून तो खोलीचं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली आणू शकतो. कॉम्प्युटरच्या पाण्याच्या कूलरमध्ये पाणी नुसता हमाल आहे. प्रोसेसरकडची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपाशी नेऊन टाकायची, तिथून पुन्हा पंखा आणि पुन्हा तीच खोलीतली ४० ची हवा. मोठ्या रेडिएटरने फरक पडतो, नाही असं नाही, पण चमत्कार होत नाही. आईने वाळ्याचे ताटे लावलेत का तेही विचारलं, त्याचं उत्तर तिला मिळालं नाही.

शेवटी तडजोड म्हणून मेहुण्याने बर्डीच्या बाजारातून साधाच पण मोठा, तांब्याच्या नळ्यांचा कूलर आणला आणि स्वतः बसवला. बसवताना त्याने मला बाजूला उभं केलं आणि टॉर्च धरायला दिला. कूलर बसवून मशीन चालू केलं, आणि काही सेकंदांत थेट १००. वेग पार तळाला. पूर्वी निदान गेम लावल्यावर जायचा. मेहुण्याने चेहरा गंभीर करून मदरबोर्ड खराब असल्याचं जाहीर केलं. मुलाच्या डोळ्यांत ग्राफिक्स कार्ड चमकलं.

मशीन दुकानात नेलं. तिथल्या पोराने कूलर काढला, उलटा केला आणि आमच्याकडे बघितलं. "भाऊ, हे प्लास्टिक काऊन नाही काढलं?"

कूलरच्या तळाला, चकचकीत तांब्यावर, एक पारदर्शक पातळ कागद चिकटवलेला होता. त्यावर बसवण्यापूर्वी काढून टाका अशी सूचनाही छापलेली होती. प्रोसेसर आणि कूलर यांच्यात तो मध्ये पडला होता. मी मेहुण्याला दोष देणार नाही. हा माणूस ज्या घरात वाढला त्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. फ्रिजच्या दारावरची निळी पट्टी मुलीच्या बारशापासून तिच्या बारावीपर्यंत तशीच होती. गाडी घेऊन काही वर्षं झाली तरी मागच्या सीटवर बसलं की कर्र असा आवाज येतो. आपल्याकडे वस्तूवरचं प्लास्टिक काढणं म्हणजे ती जुनी झाली असं कबूल करणं. त्या संस्कारात वाढलेल्या हाताने नव्या कोऱ्या कूलरचं प्लास्टिक ओरबाडून काढावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पोराने प्लास्टिक काढलं, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी लावली. ही पेस्ट काय भानगड आहे हे आईला घरी येऊन समजावून सांगावं लागलं. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात, पण त्यांत बारीक बारीक खळगे असतात. त्यांत हवा अडकते आणि हवेतून उष्णता जाता जात नाही. पेस्ट त्या हवेला हुसकावते. ती हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, तांब्यापेक्षा मात्र कितीतरी पटींनी वाईट. म्हणून ती हवीच, पण कमीत कमी. काही वर्षांनी ती वाळते, तेव्हा बदलायची, आणि कूलर एकदा उचलला की पेस्ट नवीच लावायची. "चंदन उगाळून दिलं तर?" आईने विचारलं. टूथपेस्टचा प्रयोग काही उत्साही लोकांनी खरोखर केलेला आहे. सुरुवातीला चालते, मग वाळते आणि तुम्ही पूर्ववत. चंदनाचं अजून कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

पेस्ट किती लावायची यावर मात्र जगभर पंथ आहेत. एक मोहरीएवढा ठिपकावाले, एक वाटाण्याएवढा ठिपकावाले, एक फुलीवाले आणि एक सुरीने सारवणारे. प्रत्येक पंथाला दुसरा पंथ बुडालेला दिसतो. खरं तर वाटाण्याएवढी ठेवून कूलर सरळ दाबला की ती आपोआप पसरते. थोडी जास्त झाली तर बाहेर येते, आभाळ कोसळत नाही. कूलर नीट दाबून बसणं जास्त महत्त्वाचं. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला २००४ पासून चार कोपऱ्यांना चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने, टक आवाज येईपर्यंत दाबायच्या. मदरबोर्ड असा वाकतो की दाबणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तिसरी टक म्हणते आणि चौथी नुसतं तसं दाखवते. बरेचसे गूढ ताप हे या चौथ्या खुंटीचे असतात.

काढतानाची तऱ्हा वेगळी. एएमडीच्या एएम४ जातीत प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर कूलरला असा धरून ठेवलेला असतो की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बरोबर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी थोडा वेळ मशीन चालवून पेस्ट कोमट होऊ द्यायची, मशीन बंद करायचं आणि मग कूलर हलके पिळत सोडवायचा. दुकानातला तो पोरगा हे सांगत असतानाच दुसऱ्या कोणाच्या प्रोसेसरच्या पिना ब्लेडच्या कडेने एकेक सरळ करत होता. "रोज एक तरी येऊनच राहिला," तो म्हणाला.

नव्या कूलरखाली आमचा आकडा उतरला, पण हवा तेवढा नाही. दुकानातल्या त्या पोराने कूलरखालचं पाहिलं होतं, बाकी कॅबिनेट तसंच होतं. ते उघडायचा मान मग एका रविवारी सकाळी गॅलरीत, उन्हं वर यायच्या आत, मिळाला. टेबल फॅनचे ते दिवस सोडले तर कॅबिनेट इतकी वर्षं कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी बंद, मागे भिंत, असं राहत होतं. ज्या सुताराने ते टेबल डिझाइन केलं त्याने आयुष्यात कॉम्प्युटर चालू स्थितीत पाहिला नसावा. समोरची जाळी काढली. आतल्या पंख्याच्या मागून धुळीची एक अखंड चवड निघाली, चौकोनी, बोटभर जाड, राखाडी, आणि तिच्यावर पंख्याच्या जाळीच्या रेषा उमटलेल्या. केस, दोरे, उदबत्तीची काजळी आणि फोडणीचं तेल यांनी ती घट्ट विणली गेली होती. मावशींनी ती हातात घेऊन निरखली. "हे तं उशीत भराले पुरते," त्या म्हणाल्या.

वरच्या जाळीतून खाली पडलेला ऐवज तळाशी होता. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, हळदीचा थर, दोन पालीच्या अंड्यांची टरफलं आणि एक सुपारी. दर दसऱ्याला आई शस्त्रपूजेत विळी, स्क्रूड्रायव्हर आणि स्कूटर यांच्याबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहते आणि झेंडूची माळ घालते. ती माळ नेमकी वरच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडायची तिथे, सुकेपर्यंत असते. जो मनुष्य हे वाचून हसेल त्याने आधी आपल्या घरचं कॅबिनेट उघडून बघावं.

धूळ ब्लोअरने उडवली, ब्रशने झटकली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, हे मात्र मुलाने मला सांगितलं. नाहीतर तो त्या झोतात भलत्याच वेगाने भिरभिरतो आणि त्याच्या बेअरिंगची वाट लागते. कॅबिनेट कप्प्याबाहेर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवलं. त्या संध्याकाळी खोलीत ३९ होतं. बसल्या जागी प्रोसेसर ५१, गेममध्ये ७८. मुलगा थोडा खट्टू झाला. ग्राफिक्स कार्ड पुढे ढकललं गेलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांवर अन्याय नको म्हणून एक सांगतो. त्यांचं "व्हायरस" हे निदान कधी कधी खरं ठरतं. काही घुसखोर प्रोग्राम तुमच्या नकळत तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्याचं आभासी चलन खणत बसतात. तुम्ही काहीच करत नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के कामात, असं दिसलं तर धुळीला दोष देऊ नका.

बाकीच्यांना माझं सांगणं एवढंच. काम करताना आकडा ८० दाखवत असेल तर ते सॉफ्टवेअर बंद करा आणि काम करा. नुसत्या बसल्या जागी ८० असेल तर पाकीट उघडायच्या आधी कॅबिनेट उघडा. आणि या दसऱ्याला पूजा जरूर करा, पण माळ मॉनिटरला घाला. तो बिचारा तसाही फारसा तापत नाही.